ऑपरेशन छातीचं, अभ्यास हाताचा

ऑपरेशनच्या आधी मला धीर देणारे पुष्कळ भेटले, माहिती देणारं कोणी भेटलं नाही. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं, कागदावर चित्र काढून सांगितलं, पण त्या वेळी कान उघडे असले तरी डोकं बंद असतं. आणि काय विचारायचं हेच ठाऊक नसलं की माणूस "जेवणात काय चालेल?" एवढंच विचारून परत येतो.

मी बोरीवली पूर्वेची, दौलतनगरची. एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी झाली, वय 58. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन म्हटल्यावर माझं सगळं लक्ष स्तनाकडे लागलेलं. तो राहणार की जाणार, छाती कशी दिसणार, ब्लाउज कसा बसणार. घरच्यांचंही तेच, फक्त ते बोलत नव्हते. उजव्या हाताचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. पुढचे कित्येक महिने मी जो अभ्यास केला, तो मात्र त्या हाताचाच.

सुरुवात कागदांपासून झाली. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर 'बायराड्स 5' असं लिहिलेलं. आम्ही नवरा-बायकोंनी जेवणाच्या टेबलावर त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला. पाचपैकी पाच का दहापैकी पाच? ही मोजपट्टी शून्यापासून सहापर्यंत असते, पाच म्हणजे कॅन्सर असल्याची दाट शक्यता, आणि सहा आकडा बायोप्सीत नक्की झाल्यावरच देतात, हे दुसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं. मग बायोप्सी. जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे काढतात. त्या यंत्राचा टक् असा मोठा आवाज होतो. तो त्यांनी मला आधीच हवेत ऐकवला. ही माणुसकी मला फार आवडली. त्यानंतर आणखी एक रिपोर्ट, त्यात ईआर, पीआर आणि हर-टू. पॉझिटिव्ह म्हटलं की वाईट एवढंच आम्हाला ठाऊक. इथे ईआर पॉझिटिव्ह निघालं तर बरं, कारण मग पुढे रोजची गोळी लागू पडते. हर-टू निगेटिव्ह निघालं तर त्यावरची महागडी इंजेक्शनं वाचतात. यांनी एका वहीत दोन रकाने पाडले, 'बरं' आणि 'वाईट', आणि प्रत्येक शब्द कुठल्या रकान्यात घालायचा ते विचारत राहिले.

आमच्याकडे "टाटाला नेलंय" एवढं म्हटलं की समोरचा आवाज खाली घेतो. बोरीवलीहून धिमी लोकल धरून प्रभादेवीला उतरायचं, पूल ओलांडून परळकडे जायचं, केईएमच्या शेजारी टाटा. वाट इतकी सरळ, पण त्या फाटकातून आत जाताना पाय जड होतात. लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, आणि टाटांच्या ट्रस्टने उभारलेलं हे इस्पितळ 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. आज ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. बसायला जागा मिळेपर्यंत माणसं बघत राहायची. बंगालची, बिहारची, आपल्या विदर्भातली, खानदेशातली. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं, कोणी नातलगांच्या खोलीत दाटीवाटीने. आमचं घर लोकलने तासाभरावर. रात्री आपल्या गादीवर झोपायला मिळतं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला त्या बाकड्यावर कळलं. 2022 साली भारतात सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर नव्याने निघाला असा जागतिक अंदाज आहे. आकडा वाचला तेव्हा मोठा वाटला होता, तिथे बसल्यावर कमी वाटायला लागला.

"फक्त गाठ काढता येत नाही का?" हा प्रश्न मी पाठ करून नेला होता. येते, आणि पुष्कळ जणींची तेवढीच काढतात. इटलीत मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसी या सर्जननी 1973 ते 1980 या काळात 701 बायकांवर हाच अभ्यास केला. लहान गाठी असलेल्या या बायकांपैकी निम्म्यांचा स्तन स्नायूंसकट काढला, निम्म्यांचा तेवढा भाग काढून वर रेडिएशन दिलं. वीस वर्षांनी पाहिलं तर जगण्यात दोन्ही गटांमध्ये फरक नव्हता. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं, अमेरिकेतल्या हॉलस्टेड यांच्या पद्धतीने, छातीचे स्नायूही कापून काढत. आपल्या आज्या-माम्यांच्या मनात ऑपरेशनची जी भीती बसली आहे ती त्या काळातली. माझ्या बाबतीत मात्र गाठी दोन होत्या आणि स्तनाच्या दोन वेगळ्या भागांत. तरुण डॉक्टर केरळकडचा असावा. हिंदीतून म्हणाला, "आंटी, दोनों निकालेंगे तो बचेगा क्या?" उद्धट वाटेल, पण तसा नव्हता. त्याने खुर्ची पुढे ओढून घेतली होती आणि माझ्या उत्तरासाठी तो थांबला होता. मी म्हटलं, काढा.

कागदावर 'एमआरएम' असं लिहिलं. म्हणजे पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी, छातीचे स्नायू जागेवर. काखेचं मात्र अजून नक्की नव्हतं. निळा रंग टोचून, तो काखेतल्या ज्या गाठीपर्यंत आधी पोहोचेल ती काढायची, मी टेबलावर असतानाच ती तपासायची, त्यात कॅन्सर दिसला तरच बाकीच्या काढायच्या. या लसिकाग्रंथी प्रत्येकीच्या काखेत असतात, आजाराच्या नव्हेत, आपल्या नेहमीच्याच. हे मला इतकं नवीन होतं की मी घरी येऊन डाव्या काखेत बोटं घालून चाचपत बसले.

भरती झाल्यावर हातात एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं. तीन नळ्या, तीन चेंडू. फुप्फुसांचा व्यायाम. वॉर्डातली प्रत्येक नवी बाई त्यात आधी फुंकते. ते ओढायचं असतं. श्वास आत ओढला की चेंडू वर जातात आणि वरच थोडा वेळ धरून ठेवायचे. भूल दिल्यावर छातीत कफ साचू नये म्हणून हे. सकाळी उजव्या खांद्याखाली मार्करने बाण काढला, बाजू चुकू नये म्हणून. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र सगळं उतरवलं. मंगळसूत्र यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि सूनबाई सांगते की ऑपरेशन होईपर्यंत बाबांचा हात त्या खिशावरून हलला नाही. चहाचा पेला डाव्या हाताने.

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काहीच नाही, कारण मी तिथे नव्हते. दिवा, मास्क, आणि मग कोणीतरी "आंटी, आँखें खोलो" म्हणतंय. मधल्या वेळात काय होतं ते नंतर वाचलं, आणि त्यातली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. टाटातले सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने देशातल्या 11 केंद्रांवर 1,600 बायकांचा एक अभ्यास झाला. निम्म्या जणींना चाकू लावण्याच्या सात-दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं, म्हणजे दात काढताना देतात तसलं, बधिर करायचं औषध टोचलं. पाच वर्षांनी त्या गटातल्या 90.1 टक्के बायका हयात होत्या, इंजेक्शन न दिलेल्या गटातल्या 86.4 टक्के. हे 2023 साली प्रसिद्ध झालं. इतकं स्वस्त औषध, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारं. हे वाचून मला हिशेबनीस म्हणून फार बरं वाटलं.

शुद्धीवर आल्यावर घसा खवखवत होता, नळी घातलेली असते म्हणून. थंडी वाजली, एकदा उलटी झाली. दुखणं मात्र मी धरून चालले होते त्याच्या निम्मंही नव्हतं. वेदनाशामक वेळेवर देतात. घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. लघवी हिरवी झाली. चक्क हिरवी. निळ्या रंगाचा तो परिणाम, दिवसभरात जातो. शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडच्या एक ताई होत्या, त्यांचं माझ्या आधी झालं होतं. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "माझी बी तशीच झालती. मी म्हटलं, मेले आता, इख भिनलं." आणि आम्ही दोघी टाके सांभाळत हसलो.

काखेतल्या गाठीत कॅन्सर सापडला होता, त्यामुळे बाकीच्याही काढाव्या लागल्या. हे मला सर्जननी सांगितलं तेव्हा मी फक्त मान हलवली. काखेतल्या गाठी काढणं म्हणजे हाताची नवी गोष्ट सुरू होणं, हे त्या मान हलवण्यात नव्हतं.

आता ड्रेन. या विषयावर मी तासभर बोलू शकते. जखमेच्या खाली दोन बारीक छिद्रांतून दोन नळ्या बाहेर येतात, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला हार्मोनियमच्या भात्यासारखी घड्यांची, दाबता येणारी डबी. ती दाबून हवा काढून बूच लावलं की ती हळूहळू फुगते आणि आतलं पाणी ओढून घेते. स्तन काढल्यावर कातडीखाली पोकळी राहते, तिथे शरीर पाणी सोडतं. ते बाहेर आलं नाही तर साचतं. ड्रेन काढण्याची वाट बघत इस्पितळात ठेवत नाहीत, भात्यासकट घरी पाठवतात. सिस्टरनी सूनबाईला शिकवलं. आधी नळीची क्लिप बंद करायची, मग बूच उघडून पाणी मापात ओतायचं, आकडा लिहायचा, भाता पूर्ण दाबायचा, दाबलेलाच ठेवून बूच लावायचं, मग क्लिप उघडायची. सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी. नळीत गुठळी अडकली तर बोटांच्या चिमटीत धरून खालच्या दिशेने ओढत आणायची.

घरी येताना द्रुतगती महामार्गाचा प्रत्येक खड्डा मला वेगळा ओळखता आला. एक छोटी उशी काखेत आणि एक सीटबेल्टच्या खाली, हे वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं होतं, कुठल्या छापील पत्रकात नव्हतं.

मग मी खतावणी मांडली. तारीख, वेळ, डबी पहिली, डबी दुसरी, एकूण, रंग. सुरुवातीला लाल, मग गुलाबी, मग पेंढ्याच्या रंगाचं पिवळट. दिवसाचं एकूण 30 मिलिलिटरच्या खाली उतरून तिथेच राहिलं की ड्रेन निघतो, असं सांगितलेलं. त्या आकड्याची मी जेवढी वाट पाहिली तेवढी कधी बोनसची पाहिली नव्हती. एक दिवस 40 वरून 35, दुसऱ्या दिवशी पुन्हा 50. काय केलं काल? कणीक मळायचा हट्ट केला होता. आकडा सगळं सांगतो.

त्यातच गणपती आले. आमचा दीड दिवसाचा. दोन्ही डब्या ठेवायला सूनबाईने जुन्या सुती साडीची खांद्यावर अडकवायची पिशवी शिवली होती. आरतीला मी ती पिशवी सावरत उभी, आणि टाळ्या वाजवायला उजवा हात डाव्यापर्यंत पोहोचेना. समोरच्या ब्लॉकमधल्या ज्योत्स्नाबेन प्रसाद घ्यायला आल्या आणि पिशवीकडे बोट करून म्हणाल्या, "आमां शुं छे, मोबाइल?" मी बूच दाखवलं. त्यांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज आमच्याकडे खिचडी-कढी यायला लागली. भेटायला येणाऱ्यांबद्दल एवढंच लिहिते. ज्यांनी डबा आणला ते ज्योत्स्नाबेनच्या पंगतीतले. ज्यांनी गोमूत्र, कडुनिंब आणि 'अमक्या वैद्याकडे ऑपरेशनशिवाय बरं होतं' आणलं, तेही ऑपरेशन होऊन गेल्यावर, त्यांना मी झोप आल्याचं सांगत असे.

ड्रेसिंग काढल्यावर पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा रडू येईल असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. आलं नाही. छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत तिरकी रेघ, बरगड्यांवर ताणलेलं कातडं, श्वासाबरोबर त्या बरगड्या वरखाली होताना दिसत होत्या. मी जरा वेळ तेच बघत राहिले. रडू आलं ते दोन दिवसांनी, केस बांधताना. उजवा हात मानेमागे जाईना. डाव्या एकट्याने अंबाडा होत नाही. यांनी शेवटी माझ्या केसांना रबरबँड लावला. पुण्याहून मुलगी व्हिडिओवर "बाबा, तीन पेड" म्हणून शिकवत होती, पण त्यांना दोरखंडच वळता येतो. पुढे केमोत केस गेले आणि हा प्रश्नच मिटला.

ड्रेन निघाला तेव्हा "खोल श्वास घ्या" म्हणाले आणि मी श्वास सोडेपर्यंत नळी बाहेर. आत एवढी लांब नळी होती हे बाहेर आल्यावर कळलं. नंतर तिथे थोडं पाणी साचलं. त्याला सेरोमा म्हणतात. सुईने काढलं आणि मला काहीही जाणवलं नाही. जाणवलं नाही याचंच आश्चर्य वाटलं. छातीचा तो भाग, काख आणि दंडाची आतली बाजू बधिर झाली होती. काखेतून दंडाकडे जाणारी स्पर्शाची नस गाठी काढताना दुखावते किंवा कापली जाते. दंड कडेला घासला की तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. मधूनच विजेची कळ येते. आणि जे उरलेलंच नाही तिथे खाज सुटते. ही खाज कुठे खाजवायची, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

फिजिओथेरपीच्या मुलीने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काकू, उजव्या हाताने काय काय करता?" मी म्हटलं, सगळंच. ती म्हणाली, मग सगळंच परत शिकायचं. ड्रेन असेपर्यंत मूठ उघड-मीट, कोपर वाकवणं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. ड्रेन निघाल्यावर भिंत चढायची. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी एकेक पाऊल वर. जिथे थांबेल तिथे पेन्सिलीची खूण. यांनी नुकताच रंग काढलेल्या हॉलच्या भिंतीवर. मग दारावरून दोरी टाकून एका हाताने दुसरा वर ओढायचा. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दांड्या छताला दोरी-कप्पीवर आहेत, मुंबईतल्या निम्म्या घरांत असतात तशा. मी विचारलं, ती दोरी ओढली तर चालेल का? तिने मोबाइलवर फोटो मागवला आणि म्हणाली, "याच्याहून बरं यंत्र आमच्याकडेही नाही, फक्त ओले कपडे लावू नका." मी रोज रिकाम्या दांड्या वरखाली करायला लागले. खालून वॉचमनने विचारलं, वहिनी, काही बिघडलंय का?

मध्येच काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली एक तार ताणलेली दिसायला लागली. हात लांब केला की दोरी उठून दिसे आणि ओढ मनगटापर्यंत जाई. मी घाबरले, आजार परत आला. तो आजार नव्हता. काखेच्या ऑपरेशननंतर पुष्कळ जणींना असं होतं, हळूहळू ताणत राहिलं की जातं. गेलं. हे आधी कोणी सांगितलं असतं तर एक रात्र झोपेची वाचली असती, म्हणून इथे लिहून ठेवते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला रेडिएशनच्या वेळी नीट कळलं. तिथे आडवं पडून दोन्ही हात डोक्याच्या वर, एका ठरावीक आधारात ठेवायचे आणि मशीन फिरेपर्यंत हलायचं नाही. ज्या बाईचा खांदा उघडत नाही तिला त्या अवस्थेत झोपताच येत नाही, मग उपचार खोळंबतो. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा वरपर्यंत पोहोचल्या नसत्या तर मी त्या टेबलावर काय केलं असतं?

सूज हे त्याच्या पुढचं प्रकरण. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी परत नेणारी वाट अरुंद होते. हात कधीही सुजू शकतो, महिन्यांनी किंवा वर्षांनीही. माझ्या एका मामीचा डावा हात जाडजूड होता आणि ती कायम पदराखाली ठेवायची. आम्ही मुलं समजायचो, मामीला हत्तीरोग आहे. तिचं ऑपरेशन झालं होतं हे आम्हाला ती गेल्यावर कळलं, आणि हाताचा त्याच्याशी संबंध मला आत्ता कळला. म्हणून मी टेपने दोन्ही हात मापते, मनगट, कोपराखाली, कोपरावर, आणि त्याच खतावणीत लिहिते. फोडणी देताना लांब चमचा, भांडी घासताना हातमोजे, नखं कापताना जपून, कारण लहानशी जखमही पिकून सूज आणू शकते. उजव्या हाताला सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, असंही सांगतात. या पट्ट्याबद्दल डॉक्टरांमध्ये आता मतभेद आहेत, नव्या अभ्यासांत त्याचा सुजेशी संबंध दिसलेला नाही. मी तरी डावा हातच पुढे करते. केमोच्या सगळ्या सुया एकट्या डाव्याने सोसल्या, शेवटी शिरा सापडेनाशा झाल्या.

काढलेल्या भागाचा सविस्तर रिपोर्ट नंतर आला. त्यात '2/16'. यांनी विचारलं, ही तारीख आहे का? काखेतून 16 गाठी निघाल्या, त्यांतल्या दोनमध्ये आजार. कडा स्वच्छ. 'बरं' आणि 'वाईट' या रकान्यांत तो दोन्हीकडे लिहावा लागला. केमो, रेडिएशन आणि त्यानंतरची रोजची गोळी यावर लिहायला वेगळा लेख लागेल, आणि तो लिहायचा मला कंटाळा आहे.

केमोच्या काळात लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून जायला लागले. कॅन्सरच्या रुग्णांना त्या डब्यात परवानगी असते, हे बोरीवलीच्या कित्येक रोजच्या प्रवाशांनाही ठाऊक नाही. डोक्याला स्कार्फ असेपर्यंत कोणी हटकत नसे. केस यायला लागल्यावर कुबडी घेतलेल्या एका काकांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काय झालंय? हा डबा कोणाचा आहे?" मी फाइल दाखवली. ते कांदिवलीपर्यंत बाहेर बघत राहिले आणि मग स्वतःच सरकून म्हणाले, "बसा. वरची कडी धरू नका, हात ओढला जाईल. माझ्या बहिणीचं झालंय." कडी धरायची नाही हे मला फिजिओवाल्या मुलीनेही सांगितलं नव्हतं.

जखम भरल्यावर कृत्रिम स्तनाचं. आधी हलका कापसाचा किंवा सुती दोऱ्याचा विणलेला, नंतर हवा तर सिलिकॉनचा. सिलिकॉनचा जड असतो आणि तो मुद्दामच जड केलेला, दोन्ही बाजूंना तोल राहावा, खांदा एकीकडे झुकू नये म्हणून. पुनर्रचनेचं ऑपरेशनही करून घेता येतं. मला आणखी एका टेबलावर झोपायचं नव्हतं. ब्रेसियरला आतून खिसा शिवून घ्यायला बोरीवलीच्या जांभळी गल्लीत गेले. पहिल्या शिंप्याला काय हवं ते सांगता सांगता मीच निघून आले. मग एका शिलाईवाल्या बाईंना सरळ म्हटलं, एक बाजू नाहीये. त्यांनी टेप गळ्यात टाकली, मुलाला चहा आणायला पाठवलं आणि माप घेतलं. आपला चोळीवजा ब्लाउज पुढून हुकांचा असतो हे या दिवसांत फार उपयोगी पडलं. बाही मात्र सैल करून घ्यावी लागते. घरात मी काही घालत नाही. बाहेर जाताना घालते, तेही साडीच बरी बसावी म्हणून.

आता वर्षातून एकदा डाव्या बाजूची मॅमोग्राफी. गेल्या खेपेला जवळच्याच एका केंद्रात गेले, एकच बाजू झाली, आणि काउंटरवर बिल आलं दोन्ही बाजूंचं. मी म्हटलं, एकच केलीत. मुलगा म्हणाला, मॅडम, रेट एकच आहे. मी म्हटलं, अहो, दुसरी आहेच कुठे? त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने कॉम्प्युटरमध्ये बराच शोध घेतला, एका बाजूची नोंद करायची सोयच त्यात नव्हती. मागे रांग वाढत चालली होती आणि मी काउंटर सोडणार नव्हते, चाळीस वर्षं मी बिलंच तपासली आहेत. शेवटी त्याने मला ज्येष्ठ नागरिकांची सवलत लावून दिली. साठीला अजून दोन वर्षं आहेत, पण पावती मी फाइलला लावून टाकली.